थंडीचा पंचनामा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्या गृहस्थांची सारी हयात महसूल खात्यात गेली. आणि जमाबंदी, तहकुबी, तगाई, सूट असल्या शब्दांत वाढलेल्या माणसाच्या ठिकाणी सहसा न आढळणारी एक खोड त्यांच्या ठिकाणी होती, ती ही की, कणीस सोलून पाहिल्यावाचून पिकाची आणेवारी ते कधी लिहीत नसत. त्यांच्याविषयी बोलावयाचे तर त्यांच्या सचोटीविषयी किंवा दप्तरातल्या टापटिपीविषयी बोलण्याचा प्रघात आहे, आणि तो यथायोग्यच आहे. परंतु मला त्यांचे जे चित्र सर्वांत स्पष्ट आठवते ते कचेरीतले नव्हे. पौषातल्या एका सकाळी, अंगात लोकरी कोट आणि हातात पेन्सिल तासण्याचा चाकू अशा थाटात मक्याच्या बांधावर उभे असलेले ते मला दिसतात.

मी तेव्हा नुकताच शेतकी कॉलेजातून बाहेर पडलो होतो आणि पीकपाहणीला त्यांच्यासोबत जाण्याचा योग आला होता. रब्बीचा मका बांधावरून पाहता दृष्ट लागावी असा होता : ताटे माथ्याहून उंच, पाला काळपट हिरवा, आणि प्रत्येक ताटाच्या कमरेशी आलेल्या कणसातून बाहेर पडलेले रेशमी केस इतके लांब व इतके टवटवीत की, सोबतच्या कारकुनाने उभ्याउभ्याच 'बारा आणे' असे पुटपुटून लेखणी उघडली. यांनी त्याला हाताने थांबविले, दहापंधरा ओळी आत शिरून एक कणीस मोडून आणले, त्याच्या आवरणांना चाकूने एक उभी चीर दिली, ती आवरणे केसांना धक्का न लावता एकेक करून उलगडली, आणि कणीस बुडाशी धरून, शेंडा खाली करून, हळूच हलविले. दोनचार केस गळून मातीत पडले. बाकीचे सारे ओल्या सुतासारखे कणसाला चिकटून राहिले. अशी पाच कणसे त्यांनी पाहिली, आणि मग कारकुनाकडे न वळताच म्हणाले, 'पाच आणे लिहा.' शेताचा मालक जवळच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसले नाही. तो इतकेच म्हणाला, 'सायेब, केस काळं पडंनात, तवाच मनात पाल चुकचुकली.'

मला मक्याचे वनस्पतिशास्त्र शिकविले गेले होते, त्यात मी बरे गुणही मिळविले होते, आणि तरीही लांब केस हे दारिद्र्याचे लक्षण आहे ही गोष्ट मी त्या दिवशी एका निरक्षर शेतकऱ्याकडून शिकलो. शिवाय एक कोडे उरले. त्या शेतात एकही पान करपलेले नव्हते, पाण्याचा कोठे बर्फ झाला नव्हता, आणि गावातल्या कोणी 'कडाका पडला' अशी तक्रारसुद्धा केलेली नव्हती. तीनचार रात्री गारठा अंमळ जास्त होता, एवढेच. दरोडा पडला तर दार मोडते, पेटारा फुटतो, पंच बोलावून पंचनामा करता येतो. येथे कुलूप शाबूत होते आणि आतला ऐवज मात्र नाहीसा झाला होता. त्या पाच आण्यांची फोड करून सांगणे हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्या धान्यांपैकी मक्याइतकी आपल्या संसाराची उघड वाटणी केलेले दुसरे धान्य नाही. गहू किंवा भात यांच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकाच तुसाच्या आडोशाला नांदतात, आणि बहुधा फूल पुरते उमलण्यापूर्वीच त्यांचे कार्य उरकलेले असते. मक्याने मात्र पुरुषाला माथ्यावर तुऱ्यात बसविले आहे आणि स्त्रीला खाली पानाच्या बगलेत, आवरणांच्या सात पडद्यांत ठेविले आहे. दोघांमध्ये हातभर अंतर, आणि मध्यस्थ काय तो वारा. कणसावर बीजांडांच्या ओळी असतात. त्या नेहमी सम संख्येत भरतात, पुष्कळदा सोळा, आणि सोळा ओळींच्या भरल्या कणसाला सोळा आणे पीक म्हणण्याचा मोह आमच्या या गृहस्थांना नेहमी होत असे. चांगल्या कणसावर साडेसातशे ते हजारापर्यंत बीजांडे असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकापासून एक स्वतंत्र केस निघून आवरणांच्या आतून वाट काढीत शेंड्याशी बाहेर येतो. आपण उकडलेले कणीस सोलताना त्रासून फेकून देतो तो प्रत्येक धागा एका दाण्याच्या जन्माची नळी आहे : परागकण त्याच्या बाहेरच्या टोकावर पडतो, काही मिनिटांत रुजतो, आणि त्याची नलिका त्या वीतभर धाग्यातून प्रवास करीत सुमारे चोवीस तासांत बीजांडाशी पोहोचते.

गर्भाधान झाले की दोनतीन दिवसांत केस बीजांडापासून सुटतो आणि बाहेरचा भाग तांबूस होऊन वाळतो. न झाले तर तो वाट पाहत वाढतच राहतो, दिवसाला एक ते दीड इंच. म्हणून कणीस हलविल्यावर गळणारे केस हे भरलेल्या दाण्यांची पावती, आणि चिकटून राहणारे केस ही बाकी. बुडाकडचे केस आधी बाहेर पडतात, शेंड्याकडचे शेवटी. म्हणून पराग कमी पडू लागला की टंचाई शेंड्याला भासते. पराग एरव्ही कमी नसतो, उलट उधळपट्टी म्हणावी इतका असतो : एका तुऱ्यातून वीस ते पन्नास लाख कण झडतात, हजार केसांसाठी. दहिवर उडाले की, नऊ ते अकराच्या सुमारास, परागकोशांच्या टोकांना छिद्रे पडतात आणि वाऱ्याच्या झुळकीबरोबर पिवळा धुरळा उडतो. त्या वेळी शेतातून चालत गेलेल्या माणसाच्या टोपीवर हळद सांडल्यासारखी दिसते. या कणांचे आयुष्य मात्र अगदी थोडे, फार तर तासदोन तास, उन्हात त्याहूनही कमी.

आता या व्यवस्थेत थंडी शिरली म्हणजे काय होते? मका हा मुळात उष्ण प्रदेशाचा. मेक्सिकोच्या नैर्ऋत्येकडील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून माणसाने तो घडविला, आणि जगभर फिरून आल्यावरही त्याने आपल्या जन्मस्थानाची सवय सोडलेली नाही. हवा दहा अंशांच्या खाली गेली की त्याची वाढ जवळजवळ ठप्प होते, आणि पंधरा अंशांच्या खाली पानातले अन्न तयार करण्याचे काम मंदावते. परंतु मंदावणे आणि बिघडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच थंडीविषयी परस्परविरोधी साक्षी ऐकू येतात. फुलोरा सुरू झाल्यावर हवा नुसती सौम्य गार असेल, रात्री पंधरासोळा अंश आणि दिवसा स्वच्छ ऊन, तर तुरा पराग सावकाश झाडतो, आठवड्याचे काम दहाबारा दिवस पुरवितो, केस कोमेजत नाहीत, परागकण भाजत नाहीत. अशा गारव्यात कणीस बुडापासून शेंड्यापर्यंत भरून येते. कडक उन्हाने आणि पाण्याच्या ओढीने जी फारकत होते, म्हणजे तुरा झडून जातो आणि केस मागाहून बाहेर येतात, तीही या हवेत होत नाही.

बिघाड होतो तो वेगळ्या वेळी. तुरा अजून पोंग्यात गुंडाळलेला असतो, बाहेरून पाहणाऱ्याला नुसती पाने आणि जाड झालेले ताट एवढेच दिसते, त्या आठ-पंधरा दिवसांत आत परागाची मातृकोशिका विभागत असते. आणि हे विभाजन चालू असता लागोपाठ काही रात्री दहा अंशांच्या आसपास किंवा त्याखाली गेल्या तर परागकण घडतात खरे, पण पोकळ घडतात, त्यांत पिष्ट भरत नाही. पुढे ऊन पडते, तुरा डौलाने बाहेर येतो, परागकोश लोंबतात. काही उघडतच नाहीत, काही उघडतात आणि त्यांतून पडणारी भुकटी निर्जीव असते. म्हणजे गुन्हा घडला एका तारखेला आणि उघडकीस आला तीन आठवड्यांनी, तोपर्यंत गारठा विसरला गेलेला. त्यात जर ऐन फुलोऱ्यात ढग आणि धुके यांची भर पडली तर परागकोश सकाळी वाळत नाहीत, केस संथ वाढतात, आणि ज्यांना कसेबसे बीज मिळाले असे शेंड्याकडचे कोवळे दाणेही अन्नावाचून पहिल्या पंधरवड्यात गळफटून जातात. आमच्या त्या शेतात काय झाले असावे ते आता आपल्या ध्यानात आले असेल. कारकून पाला पाहत होता. पाल्याला काहीच झाले नव्हते.

थंडीची तारीख पाऱ्यापेक्षा महत्त्वाची, हे ज्या वर्षाने सर्वांत कठोरपणे शिकविले ते १८१६. आदल्या वर्षी एप्रिलमध्ये जावाच्या पूर्वेकडील सुंबावा बेटावरच्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याची धूळ आणि गंधकयुक्त वाफा वातावरणाच्या वरच्या थरात पसरल्या, आणि पुढचा उन्हाळा अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड प्रांताला जणू मिळालाच नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तेथे बर्फ पडला. लोकांच्या आठवणीत, पंचांगांत आणि गोष्टींत राहिला तो हा जूनचा बर्फ. 'थिजून मेलेले वर्ष' असे त्याचे नावच पडले. पण मक्याच्या बाजूने पाहिले तर जूनचा हिमतुषार तितका घातकी नसतो. पाच-सहा पाने फुटेपर्यंत मक्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या पोटात असतो. वरचा पाला काळा पडून गळाला तरी आठवड्याने नवे पान डोके वर काढते, आणि जेथे रोप मेले तेथे पुन्हा टोकण करता येते. खरा घाला पडला तो ऑगस्टच्या उत्तरार्धात, जेव्हा उशिरा आणि रखडत वाढलेले पीक चिकात होते. त्या वेळी पडलेल्या हिमतुषारांनी पाला गेला, दाण्याचे भरणे थांबले, आणि लोकांनी हिरवा मका तोडून जनावरांपुढे टाकला. जो कणगीत भरला त्याला बुरशी आली, आणि दुसऱ्या वर्षी पेरायला रुजणारे बी मिळेना. त्याच वर्षी गहू आणि राय मात्र पुष्कळ ठिकाणी बरे उतरले, कारण थंडी ही त्यांच्या घरची होती. न्यू इंग्लंडमधली हजारो कुटुंबे पुढच्या दोन वर्षांत गाड्या जुंपून पश्चिमेला ओहायो-इंडियानाकडे निघाली. सगळा दोष एका पिकावर घालणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि त्या गाड्यांत बसलेल्या बायकांच्या बोलण्यात मक्याचा विषय निघाला नसेल असे मला वाटत नाही.

याच पश्चिमेकडल्या प्रदेशात तीस वर्षांनी थंडीने, किंवा अधिक नेमके म्हणायचे तर उशिराने, एक उपकारही करून ठेविला. रॉबर्ट रीड नावाचा शेतकरी १८४६ साली ओहायोतून इलिनॉयला राहायला गेला. जाताना त्याने आपले तांबूस दातरी मक्याचे बी बरोबर नेले. पोहोचायला उशीर झाला, पेरणी लांबली, पीक पुरते पिकण्याआधी हंगाम संपला. त्या कच्च्या बियाण्याने १८४७ च्या वसंतात दगा दिला आणि शेतात जागोजाग खाडे पडले. रीडने ते सांधण्यासाठी तेथल्याच एका लवकर येणाऱ्या, काचेसारख्या कठीण दाण्याच्या पिवळ्या मक्याचे बी टोकले. हा कठीण दाण्याचा मका म्हणजे उत्तरेच्या मूलनिवासी लोकांनी शतकानुशतके निवडून थंडीत तयार केलेला वंश. आणि दातरी मका दक्षिणेचा, उंच, भरघोस, पण सुस्त. वाऱ्याने दोघांचे लग्न लावून टाकले. त्या संकरातून बाप-लेकांनी निवडत नेलेल्या 'रीड्स यलो डेंट' या वाणाला १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात पारितोषिक मिळाले, आणि आजच्या अमेरिकी संकरित मक्याच्या वंशावळीत त्याचे रक्त फार मोठ्या प्रमाणात आहे. शेतात खाडे पडले म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या शेतकऱ्याला ही हकिगत ऐकवून त्याचे समाधान होईल असे मात्र मी म्हणणार नाही.

तारखेचा हा मामला नजरअंदाजाने चालत नाही, त्याला हिशेब लागतो, आणि तो हिशेब आमच्या रोजकीर्दीसारखाच सोपा आहे. झाडाचे वय दिवसांत न मोजता त्याला मिळालेल्या उष्णतेत मोजावे ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७३५ च्या सुमारास मांडली. मक्याला ती नीट लागू केली १९५८ साली गिलमोर आणि रॉजर्स या दोघांनी. दिवसाचे कमाल आणि किमान तापमान घ्यावे, कमाल तीस अंशांच्या वर असेल तर तीसच धरावे, किमान दहाच्या खाली असेल तर दहाच धरावे, दोहोंची सरासरी काढून तीतून दहा वजा करावे : जी शिल्लक उरेल ती त्या दिवसाची जमा. आयोवातल्या जुलैच्या एका दिवशी कमाल एकोणतीस, किमान अठरा असेल तर जमा साडेतेरा. सप्टेंबरअखेरीस कमाल वीस, किमान सहा असेल तर जमा फक्त पाच. मध्यम मुदतीच्या वाणाला पेरणीपासून पक्वतेपर्यंत असे सुमारे पंधराशे अंश लागतात, आणि त्यांतले अर्ध्याहून थोडे अधिक फुलोऱ्यापर्यंतच खर्ची पडतात. उधारी येथे चालत नाही. वसंतात बुडालेले शंभर अंश फुलोरा आठवडाभर पुढे ढकलतात, आणि तोच आठवडा शरदात पाचपाच अंशांच्या चिल्लरीने फेडायचा म्हटले तर वीस दिवस लागतात.

इतके सांगितल्यावर थंडी म्हणजे नुकसान असा आपला समज झाला असेल तर तो मला आताच मोडला पाहिजे. इलिनॉय येथील संशोधकांनी केलेला आणि १९७१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग असा : उभ्या मक्याच्या काही भागांवर आवरण घालून रात्रीपुरती हवा तापविली, काही भागांवर गार केली, दिवस मात्र सर्वांना सारखा. ज्या मक्याने रात्री सुमारे एकोणतीस अंशांत काढल्या त्याचा एकरी उतारा शंभर बुशेल भरला, आणि ज्याने साडेसोळा-सतरा अंशांत काढल्या त्याचा एकशे बासष्ट. बुशेल म्हणजे मक्याचे छप्पन्न पौंड, आपल्या मापाने सव्वापंचवीस किलोंहून थोडे अधिक. तेव्हा हा फरक एकरी पंधरा क्विंटलांहून जास्त आहे, आणि तो केवळ रात्रीचा. उष्ण रात्री झाड श्वसनात साठा उडवते, हे पूर्वी मुख्य कारण समजले जाई. त्याहून मोठे कारण असे की, उष्णतेच्या घाईने दाणा भरण्याचे दिवसच कमी होतात, आणि भरणे सूर्यप्रकाशावर अवलंबून असल्यामुळे दिवस गेले की उत्पन्न गेले. गार रात्री तीच मुदत लांबविते.

हा प्रयोग निसर्गाने पुढे सबंध देशावर करून दाखविला. जून १९९१ मध्ये फिलिपाइन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा स्फोट झाला, १९९२ साली पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले, आणि अमेरिकेच्या मका-पट्ट्यातला तो उन्हाळा विलक्षण गार गेला. तांबोराची आठवण असलेल्या कोणीही दुष्काळाचे भाकीत केले असते. प्रत्यक्षात एकरी सरासरी १३१.५ बुशेल उतरली. तोवरचा तो उच्चांक होता. उत्तर सीमेवरच्या विस्कॉन्सिन-मिनेसोटात मात्र तोच उन्हाळा आखूड पडला आणि दाणा ओला व हलका निघाला. दुसऱ्या वर्षी, १९९३ साली, हवा पुन्हा गार होती, पण या खेपेस आकाश झाकलेले, पावसाला खळ नाही, मिसिसिपीला महापूर, सरासरी १००.७ वर घसरली. ऊन असलेला गारवा आणि ऊन नसलेला गारवा यांत तीस बुशेलांचे अंतर पडले. त्याच देशात २००४ आणि २००९ हे गार उन्हाळे नव्या उच्चांकांचे ठरले, आणि २०१२ च्या जुलैतल्या उष्म्याने व अवर्षणाने सरासरी १२३ बुशेलांवर आणून सोडली.

शेवटची थंडी मात्र दयामाया जाणत नाही. दाणा कणसाशी जेथे जोडलेला असतो त्या टोकाशी, भरणे पूर्ण झाले की, एक काळा थर तयार होतो. दाणा नखाने उकलून टोक खरवडले तर तो उघड्या डोळ्यांनी दिसतो. डेनार्ड आणि डंकन यांनी १९६९ साली या थराला पक्वतेची खूण ठरविले. तो दिसला म्हणजे नाळ तुटली. त्यानंतर कितीही हिमतुषार पडो, वजन कमी होत नाही. त्याआधी पारा शून्याखाली दोन अंश गेला तर काही मिनिटांत, आणि शून्यावर राहिला तर चारेक तासांत झाड मरते. आणि मग दाणा कोणत्या अवस्थेत होता यावर सारे अवलंबून. हुरड्यात असता पाला व ताट दोन्ही गेले तर निम्म्याहून अधिक उत्पन्न बुडते; दाण्याला दात पडल्यावर, म्हणजे माथा दबू लागल्यावर, चाळीस टक्क्यांच्या आसपास; आणि कणीस मधोमध मोडले असता दाण्यातली चिकाची रेघ अर्ध्यावर उतरलेली दिसत असेल तर बाराच्या आसपास. १९७४ साली ओल्या वसंताने पेरणी लांबविली, मध्ये पावसाने ओढ दिली, आणि उत्तरेकडच्या राज्यांत सप्टेंबरच्या प्रारंभीच हिमतुषार पडला. आदल्या वर्षीची ९१ बुशेलांची सरासरी ७२ वर आली.

आपल्याकडे हा शेवटचा प्रसंग येत नाही. आपली थंडी पिकाच्या मध्यावर गाठते. पूर्णिया, कटिहार, खगडिया या बिहारच्या जिल्ह्यांत रब्बी मक्याचे मोठे क्षेत्र आहे. तेथे पौषात धुके दुपारपर्यंत हटत नाही, कमाल अठरा आणि किमान आठ अशा दिवशी आपल्या हिशेबाने जमा होते ती फक्त चार, म्हणून खरिपात शंभर दिवसांत येणारा मका तेथे रब्बीत पाच महिने घेतो, आणि त्या लांबलेल्या मुदतीचे फळ म्हणून खरिपापेक्षा पुष्कळ अधिक उतारा देतो. मात्र पेरणीची तारीख चुकून तुरा पोंग्यात असताना पौषाचा कडाका आला की तीच हिरवी शेते दाण्यावाचून उभी राहतात, आणि बियाणे खोटे होते की हवामान, यावर गावोगाव वाद पेटतात. बियाणे खोटे असू शकते हे मी नाकारीत नाही; परंतु बियाणे खोटे असेल तर ते एका तारखेच्या पेरणीला धरून खोटे ठरत नाही. शेजारच्या दोन शेतांत तेच पिशवीतले बी बारा दिवसांच्या अंतराने पडले आणि एक भरले, एक वांझ राहिले, तर फिर्याद कोणावर करावी हे पंचांनी तारखा लिहून ठरवावे.

नाशिक, धुळे, जळगाव, जालना या आपल्या जिल्ह्यांचे दैव याहून बरे. निफाडला पारा पाच अंशांखाली उतरल्याची बातमी दर हिवाळ्यात छापून येते आणि द्राक्षवाले रात्री शेकोट्या पेटवितात, पण त्याच दिवशी दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतात, ऊन लख्ख असते, आणि मक्याची रोजची जमा आठ-नऊ अंशांची तरी होतेच. म्हणून आपला रब्बी मका सहसा बुडत नाही. बुडतो तो लागोपाठच्या चार-सहा रात्रींनी आणि तेही नेमक्या त्या पंधरवड्यात सापडला तर. दिवाळीच्या आगेमागे पेरावे, पण सगळे शेत एका दिवशी पेरू नये, दोन हप्त्यांत पेरावे. पोंग्यात पीक असता थंडीची लाट येणार असे कळले तर रात्री हलके पाणी द्यावे, ओली जमीन तितकी थंड पडत नाही. ज्वारीकडे ज्यांचे लक्ष आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. मागास पेरलेली शाळू पोटरीत असताना कडाक्यात सापडली तर कणसे फटकारलेली, अर्धी रिकामी निघतात, हे आपल्या म्हाताऱ्यांना परागकणाचे नाव ठाऊक नसतानाही ठाऊक होते.

मक्याच्या आणेवारीसाठी एक तक्ता आमच्या या गृहस्थांनी स्वतःपुरता आखून ठेविला होता. तो त्यांच्या चिरंजिवांनी मला दाखविला. शासकीय नमुन्यात ज्या रकान्यांची तरतूद नव्हती असे चार रकाने त्यांनी तांबड्या शाईने वाढविले होते : पेरणीची तारीख, तुरा दिसल्याची तारीख, केस दिसल्याची तारीख, आणि हलविल्यावर गळलेले केस, दहात किती. वरिष्ठ कचेरीने हा नमुना 'अनधिकृत' असा शेरा मारून परत पाठविल्याचेही त्या कागदावरच दिसते. शेऱ्याखाली त्यांची लफ्फेदार सही आहे, आणि सहीखाली पुढच्या वर्षीच्या नोंदी त्याच चार रकान्यांत सुरू झाल्या आहेत. पौष वद्य पंचमीची एक नोंद अशी : 'केस हिरवे, वीतभर. गळाले तीन. रात्री गार, तारीख मालकास आठवते, लिहून घेतली.'